कोवळें ऊन

आजच्या भाषणाचा विषय इतिहासाचा आहे. परंतु त्याचा आरंभ माझ्या स्वतःच्या घरांत झाला, म्हणून आधीं ती हकीगत सांगतों. मी नाहूरला राहतों. मध्य रेल्वेच्या मार्गावर भांडुप आणि मुलुंड यांच्यामध्यें हें ठिकाण आहे. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास गेलेली पहिली आगगाडी याच बाजूनें गेली. नाहूरला स्वतःचें स्थानक मात्र २००३ सालीं मिळालें. पूर्वेस मिठागरें आणि खाडी, पश्चिमेस राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर, आणि मधल्या पट्टींत आतां उंच उंच इमारती उभ्या आहेत. अशाच एका इमारतींत मुलगा, सून आणि पांच महिन्यांची नात यांच्यासह मी निवृत्तीचे दिवस काढीत आहें. मुलगा व सून दोघेंही नोकरी करतात. म्हणून बाळास सांभाळावयास भांडुपच्या टेकडीवरील वस्तींतून एक बाई येतात. त्यांस आम्ही सारे मावशी म्हणतों.

चैत्र संपत आला होता. सूनबाईंनीं बाळाचा दिनक्रम एका कागदावर लिहून तो भिंतीस लावला होता. त्यांत एक ओळ होती : 'सकाळीं बाहेर, एक तास.' एके दिवशीं मावशी वीस मिनिटांतच बाळास घेऊन वर आल्या. "ऊन चढलें," एवढेंच म्हणाल्या. घरांत थोडी कुजबुज झाली. काम टाळण्याची ही युक्ति असावी, असा संशय कोणीं तरी बोलून दाखविला. आणि सांगावयास लाज वाटते, मीही घड्याळाचीच बाजू घेतली. ज्यानें सारा जन्म घंटेच्या ठोक्यावर वर्ग भरविले आणि सोडले, तो मास्तर दुसरें काय बोलणार?

दुसऱ्या दिवशीं वस्तींतील नळास पाणी उशिरां आलें, म्हणून मावशींस येण्यास उशीर झाला. साडेनऊनंतर त्या बाळास घेऊन खालीं गेल्या आणि कागदावर लिहिल्याप्रमाणें पुरता एक तास बाहेर राहून आल्या. पोर परत आलें तें लालबुंद होऊन. अंग तापलेलें, मानेवर घामोळें, आणि दूध तोंडांत घेईना. सुदैवानें सूनबाई त्या दिवशीं घरीं होत्या. अंगावरचे कपडे काढून, ओल्या फडक्यानें अंग पुसून, पुन्हां पुन्हां पाजून दुपारपर्यंत पोर ताळ्यावर आलें. मावशी रागावल्या नाहींत, कीं त्यांनीं स्वतःची बाजूही मांडली नाहीं. फक्त म्हणाल्या, "मास्तर, कागदावर तास लिहिलाय. ऊन लिहिलें नाहीं."

हें वाक्य माझ्या मनांतून जाईना. उन्हाळ्यांत तान्ह्या मुलास बाहेर किती वेळ ठेवावें, हा प्रश्न आजचा नव्हे. आपल्या वाडवडिलांनीं तो कसा सोडविला, तो कोठें बिघडला आणि शास्त्रानें पुढें त्यांत काय भर घातली, हें मीं नंतर शोधून पाहिलें. जें हातीं आलें, तें आपल्यापुढें ठेवतों.

आपल्या जुन्या संस्कारांत 'निष्क्रमण' नांवाचा एक संस्कार आहे. पारस्कर गृह्यसूत्रांत तो चौथ्या महिन्यांत सांगितला आहे. त्या दिवशीं बाळास घराबाहेर आणून सूर्य दाखवावयाचा. मनुस्मृतींतही चौथाच महिना आहे. सहाव्या महिन्यांतील अन्नप्राशन आपण मोठ्या थाटानें करतों. निष्क्रमणाचें मात्र नांवही पुष्कळ घरांतून नाहींसें झालें आहे. तरी त्यांतला विचार पाहण्यासारखा आहे. बाळ आणि सूर्य यांची ओळख करून देणें हें कुळाचें कर्तव्य मानलें होतें. चरकसंहितेंत शारीरस्थानाच्या शेवटीं बाळाच्या खोलीचें वर्णन आहे. ती अंधारी नसावी, अंगावर वाऱ्याचा झोत येणारी नसावी, परंतु एका अंगानें मोकळी हवा तींत खेळावी, असें तेथें सांगितलें आहे. त्याच ठिकाणीं बाळास पाजणाऱ्या धात्रीची निवड कशी करावी, हेंही सविस्तर दिलें आहे. परक्या बाईच्या हातीं मूल द्यावयाचें, तर ती कशी असावी, याची चिंता तेव्हांपासूनची आहे. आणि जिच्या हातीं तें दिलें, तिचा मानही आपण राखलेला आहे. १४ मे १६५७ रोजीं, ऐन उन्हाळ्यांत, पुरंदरावर संभाजीराजे जन्मले. त्यांची दूधआई म्हणून कापूरहोळच्या धाराऊचें नांव महाराष्ट्र आजही घेतो.

परंतु शास्त्र एकीकडे राहिलें आणि चाल दुसरीकडे गेली. बाळंतिणीच्या खोलीच्या खिडक्या बंद, आंत शेगडी, वर धुरी, दारास पडदा. अशा अंधारांत सव्वा महिना, आणि कित्येक घरांत त्याहून अधिक काळ, माय-लेकरूं कोंडलेलें असे. दृष्ट लागूं नये, वारा लागूं नये, ही त्यामागची भीति. हेतु प्रेमाचा होता, यांत शंका नाहीं. पण प्रेमानें केलेल्या गोष्टीही कधीं कधीं हाडांवर येतात. येथें हा शब्द मी अक्षरशः वापरतों आहें.

मुलांचीं हाडें मऊ राहून पाय धनुष्यासारखे वांकणें, या रोगास आपण मुडदूस म्हणतों. युरोपांतील धुरकट शहरांत तो घरोघर होता. पोलिश वैद्य स्न्यादेत्स्की यांनीं १८२२ सालींच लिहून ठेवलें कीं, शहरांतील मुलें उन्हास मुकतात म्हणून हा रोग होतो. पण त्यांचें म्हणणें फारसें कोणीं मनावर घेतलें नाहीं. १८९० सालीं पाम नांवाच्या इंग्रज डॉक्टरानें, जपानांतील स्वतःच्या अनुभवावरून आणि निरनिराळ्या देशांतील माहितीवरून, तेंच अनुमान पुन्हां मांडलें. १९१९ सालीं बर्लिन येथें हुल्डशिन्स्की यांनीं जंबुपार किरणांच्या दिव्याखालीं मुलांस ठेवून रोग बरा केला, आणि १९२१ सालीं न्यूयॉर्क येथें हेस व उंगर यांनीं साध्या सूर्यप्रकाशानें तोच परिणाम दाखविला. तरीही अन्न कीं ऊन, हा वाद चालूच होता.

या वादांत आपल्या महाराष्ट्रानें एक साक्ष दिली आहे. हचिसन आणि शहा या डॉक्टरांनीं नाशिक भागांत मुडदुसाची पाहणी करून १९२२ सालीं आपला निबंध प्रसिद्ध केला. ज्या घरांत खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण पडद्याची चाल होती आणि त्यामुळें आईबरोबर मूलही आंत राहत असे, अशा मुसलमान आणि वरच्या वर्गांतील हिंदु घरांत त्यांस हा रोग आढळला. उलट ज्यांच्या ताटांत दुधातुपाचा थेंबही क्वचित् पडे, पण ज्यांचीं पोरें दिवसभर उघड्यावर असत, अशा गोरगरिबांत तो आढळेना. चांगल्या घरची अंधारी खोली बाळास बाधली, आणि गरिबाच्या पोरास उघड्या आकाशानें तारलें. नाशिकची ही पाहणी जगांतील वैद्यकाच्या इतिहासांत अजूनही उल्लेखिली जाते. आपल्या शाळांतून मात्र ती कोणी शिकवीत नाहीं.

आपण उन्हास भिऊन दार लावून घेत असतां, साहेबही उन्हास भीतच होता. त्याचा उपाय तेवढा निराळा होता. त्याची सोला टोपी आपल्या वाचकांस चित्रांतून ठाऊक आहे. त्याच्या मुलांस सांभाळावयास आया असे. 'आया' हा शब्द पोर्तुगीज 'आइया'वरून आला, आणि मुंबईंतील साहेबांच्या घरीं पुष्कळदां गोमंतकीय ख्रिस्ती बायाच हें काम करीत. अशाच एका आयेच्या हाताखालीं रुडयार्ड किपलिंग वाढला. त्याचा जन्म ३० डिसेंबर १८६५ चा, मुंबईचा; वडील जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत शिक्षक होते. त्याचें आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १९३७ सालीं, निघालें. त्यांत पहिलीच आठवण आहे ती पहांटेच्या उजेडाची आणि खांद्याच्या उंचीवर दिसणाऱ्या रंगीबेरंगी फळांची. आयेबरोबर पहांटे मुंबईच्या फळबाजारांत फेरी होत असे. पुढें धाकटी बहीण बाबागाडींतून बरोबर येऊं लागली. दुपारच्या उन्हांत घरांत गोष्टी व गाणीं ऐकून निजणें, आणि संध्याकाळीं माहीमच्या बाजूस समुद्रकांठच्या ताडामाडांच्या सावलींत फिरणें, असा त्या मुलांचा दिवस त्यानें वर्णिला आहे.

हा दिनक्रम नीट पाहा. पहांटे बाहेर, दुपारीं आंत, संध्याकाळीं सावलींत. त्या आयेचें नांवही आपणांस ठाऊक नाहीं. पण या हवेचें ज्ञान तिच्या अंगीं मुरलेलें होतें. आपल्या भाषेंतही तें मुरलेलें आहे. कोवळें ऊन, चढतें ऊन, रणरणतें ऊन, कलतें ऊन. इतके शब्द आपल्या आजीपणजींनीं उगाच घडविले नाहींत. त्यांच्याजवळ घड्याळ नव्हतें. त्यांनीं वेळ मोजला नाहीं, ऊन मोजलें.

घड्याळ आलें तें पुस्तकांतून. न्यूयॉर्कचे प्रसिद्ध बालवैद्य ल्यूथर एमेट होल्ट यांनीं १८९४ सालीं माता आणि दाया यांच्यासाठीं एक प्रश्नोत्तररूप पुस्तक काढलें. मूल कितव्या आठवड्यापासून बाहेर न्यावें, किती मिनिटांपासून आरंभ करावा, कोणत्या तासांत न्यावें, सारें त्यांत दिलें आहे. उन्हाळ्यांत सकाळपासून सूर्यास्तापर्यंत मूल जवळजवळ केव्हांही बाहेर असलें तरी चालेल, असा त्यांचा सल्ला. पुस्तक उत्तम होतें, आणि त्याच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या. पण तें हडसन नदीकांठच्या हवेसाठीं लिहिलेलें होतें. वैशाखांत भांडुप-मुलुंडच्या बाळास तो नियम लावला, तर काय होईल, हें मीं माझ्या घरीं पाहिलें. आमच्या भिंतीवरचा कागदही अशाच कोणत्या तरी दूरच्या थंड देशांतून आलेला असावा.

आतां आजचें शास्त्र काय म्हणतें, तें ऐका. कारण जुन्याचा अभिमान धरतांना खोटें बोलतां कामा नये. कोवळ्या उन्हानें हाडें बळकट होतात, असें आपण समजत आलों. तें पुरतें खरें नाहीं. अंगांत ड जीवनसत्त्व तयार करणारे जंबुपार किरण सूर्य कलता असतां हवेंतच बहुतेक अडतात. ते भरपूर पोंचतात ते सूर्य डोक्यावर येऊं लागल्यावर, म्हणजे नेमके उष्म्याच्या वेळीं. नाशिकचीं तीं गरीब मुलें दिवसभर उघड्यावर असत, म्हणून त्यांस तो लाभ मिळाला. परंतु आज त्यासाठीं तान्ह्या मुलास उन्हांत धरण्याची गरज उरलेली नाहीं. भारतांतील बालरोगतज्ज्ञांची संस्था पहिल्या वर्षीं प्रत्येक बाळास ड जीवनसत्त्वाचे रोज ४०० एकक, थेंबांच्या रूपानें, देण्यास सांगते. सहा महिन्यांच्या आंतील बाळावर थेट ऊन पडूं देऊं नये, हाही आजचा सर्वमान्य सल्ला आहे.

उष्म्याची गोष्ट त्याहून गंभीर आहे. बाळाच्या वजनाच्या मानानें त्याच्या कातडीचा विस्तार मोठा असतो, म्हणून भोंवतालची उष्णता तें लवकर घेतें. त्याचा घाम मोठ्या माणसाइतका कामास येत नाहीं. आणि तहान लागली, हें त्यास सांगतां येत नाहीं. आमच्या या भागांत मार्च-एप्रिलमध्यें कधीं कधीं पूर्वेकडील जमिनीवरचे वारे जोर धरतात, समुद्रावरचा वारा उशिरां सुटतो, आणि पारा एकाएकीं चढतो. सांताक्रूझ येथें २८ मार्च १९५६ रोजीं ४१.७ अंशांची नोंद झाली आहे. म्हणजे मे महिना लागला नाहीं, म्हणून निश्चिंत राहण्यांत अर्थ नाहीं. बाबागाडीवर ऊन लागूं नये म्हणून आपण सुकें दुपटें पसरतों. त्यामुळें आंतली हवा कोंडून उलट अधिक तापते. सावली द्यावी, पण वारा अडवूं नये. चरकांतील खोलीचा नियम बाबागाडीसही लागू आहे.

मग किती वेळ? मीं माझी मोजपट्टी घेऊन अंगणांत सावली मोजली, आणि मावशींचें ज्ञान मास्तरांच्या भाषेंत मांडलें, तें असें. सकाळीं आपली सावली आपल्या उंचीच्या दुपटीहून लांब आहे, तोंपर्यंत ऊन कोवळें समजावें. एप्रिल-मेमध्यें ही मर्यादा आमच्याकडे सुमारें आठ वाजतां संपते. तोंवर झाडाच्या किंवा भिंतीच्या सावलींत अर्धा तास, हवा सुखाची असेल तर पाऊण तास, बाळास बाहेर ठेवावयास हरकत नाहीं. सावली आपल्या उंचीइतकी झाली, म्हणजे नऊ-साडेनऊच्या सुमारास, बाळ घरांतच असलें पाहिजे. संध्याकाळीं केवळ सूर्य कलला म्हणून निघूं नये. फरसबंदी व भिंती दिवसभराची उष्णता परत टाकीत असतात. जमिनीस हात लावून पाहावा. हाताला सोसवेल, तेव्हां उतरावें. अंगावर पातळ सुती झबलें पुरे. सहा महिन्यांच्या आंतील बाळास वरचें पाणी नको. अंगावर पुन्हां पुन्हां पाजावें. बाळाचें अंग तापलें, चेहरा लाल झाला, तें मलूल पडलें, दूध घेईना, किंवा लंगोट नेहमींसारखे ओले होईनात, तर घड्याळ न पाहतां आंत आणावें, आणि तें लवकर सावरलें नाहीं तर डॉक्टरांस बोलवावें.

कोणी म्हणेल, थेंब मिळाले, वातानुकूलित खोली आहे. मग बाहेर न्यावयाचेंच कशाला? त्यास मी किपलिंगच्या पहिल्या आठवणीकडे बोट दाखवीन. उजेड, फळें, माणसें; चिऊ, काऊ, हलणारें पान; हें थेंबांतून मिळत नाहीं. निष्क्रमणांत बाळास सूर्य दाखवावयाचा, तो काय हाडांसाठींच होता?

आणि आंत ठेवलें म्हणजे मूल सुरक्षितच असतें, असेंही नाहीं. २०१० च्या मे महिन्यांत अहमदाबादेंत भयंकर उष्मा झाला. तेथील एका रुग्णालयांत नवजात अर्भकांचा विभाग सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छपराखालीं होता. उष्म्यानें आजारी पडणारीं अर्भकें वाढलीं. पुढें तो विभाग खालच्या मजल्यावर हलविला, तेव्हां त्यांची संख्या कमी झाली. हें वाचलें, आणि मला एक गोष्ट सुचली, जी खरें म्हणजे पहिल्याच दिवशीं सुचावयास हवी होती. मीं मावशींस विचारलें, "तुमच्या घरीं लहान कोणी आहे का?"

त्यांस आठ महिन्यांचा नातू आहे. सून त्यांच्याप्रमाणेंच घरकामास जाते. मोठी नात शाळेंतून येईपर्यंत शेजारची म्हातारी त्यास पाहते. घर टेकडीच्या उतारावर, वर पत्रा. तो दिवसभर त्या पत्र्याखालींच असतो.

श्रोतेहो, याचाही इतिहास आहे. १९२२-२३ च्या सुमारास डॉ. बार्न्स या बाईंनीं मुंबईंतील कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांची सरकारतर्फे पाहणी केली. त्यांच्या मुलांपैकीं शेंकडा ९८ मुलांस अफू दिली जाते, असें त्यांस दिसून आलें. आई गिरणींत, बाळगोळी पोटांत, आणि मूल चाळीच्या खोलींत निपचित पडलेलें. तें बाहेर किती वेळ ठेवावें, हा प्रश्न विचारावयास त्याच्यापाशीं कोणी नव्हतेंच. बाळगोळीचे दिवस गेले, हें आपलें भाग्य. पत्रा मात्र अजून आहे.

माझ्या मनांत प्रथम आलें होतें कीं, मावशींस सकाळीं साडेसहालाच बोलवावें, म्हणजे नातीस कोवळें ऊन मिळेल. विचार केल्यावर कळलें कीं, त्याचा अर्थ त्यांच्या नातवाची सकाळ माझ्या नातीस देणें. म्हणून तो बेत सोडला. आतां सकाळीं नातीस घेऊन मीच खालीं उतरतों. निवृत्त माणसास दुसरें काम काय? मावशी पूर्वीपेक्षां थोड्या उशिरां येतात, कारण त्या आधीं आपल्या नातवास वस्तीच्या कडेच्या झाडाखालीं घेऊन बसतात. पगार तोच आहे. संध्याकाळीं बाळास केव्हां न्यावयाचें आणि केव्हां आणावयाचें, तें त्याच ठरवितात.

भिंतीवरचा कागद अजून आहे. त्यांतली 'एक तास' ही अक्षरें सूनबाईंनीं स्वतः खोडलीं, आणि तेथें लिहिलें : 'ऊन पाहून.' आपल्या घरींही असा कागद असेल, तर तो एकदां वाचून पाहावा. आणि ज्या बाईच्या हातीं आपण मूल दिलें आहे, तिचें मूल या वेळीं कोठें आहे, हेंही विचारावें.